पाठमोरी पलटण

लालबाग, बऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋषीस,
ताईचे आशीर्वाद.

फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करतोस आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की तू काहीच ऐकलेलं नाहीस. म्हणून हे पत्र. पत्र वाचताना मध्येच दुसरा कॉल येत नाही.

तुझी पलटण कामाला लागली आहे. दिवाळीत माळ्यावरून तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून तू माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "ताई, यंदा महालक्ष्म्यांपुढं पलटण नव्यासारखी दिसली पाहिजे. तुझा हात चांगला आहे." मला वाटलं, हे जाता जाता बोलायचं म्हणून बोललेलं. पण मग पुण्याहून खरोखरच रंगांची पेटी आली. एवढ्याएवढ्याशा बाटल्या आणि झिरो नंबरचे ब्रश. ब्रश पाहून आई म्हणाली, याला केस आहेत का नुसता दांडाच पाठवलाय.

डबा उघडला आणि बाबांची आठवण आली. दरवर्षी बालाजीच्या जत्रेतून ते प्लॅस्टिकच्या शिपायांची एक पुडी आणायचे. सगळे हिरवे, सगळ्यांचे चेहरे सारखे, तरी आपण प्रत्येकाला वेगळं ओळखायचो. दुर्बीणवाला, पाठीवर रेडिओ घेतलेला टपालवाला, एका गुडघ्यावर बसलेला लंगडा सुभेदार, आणि जमिनीवर झोपून नेम धरणारा पालथा. पालथा तुझा जीव की प्राण होता. शाळेतसुद्धा खिशात घालून न्यायचास.

आणि ती आरास आठवते का? आईचा दंडक, देवीकडे पाठ करून कुणी उभं राहायचं नाही. म्हणून पलटण देवीकडे तोंड करून मांडायची. म्हणजे सगळ्या बंदुका देवीवर रोखलेल्या. बाबा दारातून बघून आईला म्हणायचे, "शारदे, हे पहाऱ्याला नाही आले, तुझ्या लक्ष्म्यांवर चाल करून आलेत." तू एकदा रडलास, की आपल्या शिपायांनी देवीला मारलं तर. मग मी त्यांच्या बंदुकांच्या टोकांना गव्हाचं पीठ लावून त्या बंद केल्या होत्या. ते पीठ अजून काहींच्या नळीच्या टोकाला होतं. दाभणाने काढावं लागलं.

दिवाळीत मी तुला विचारलं होतं, आई थकत चालली, पुढं महालक्ष्म्यांचं कसं. तू म्हणालास, "तू आहेस तोवर त्या कुठं जातायत?" ते वाक्य मी ब्रश धरताना रोज एकदा तोंडात घोळवते. हसू नकोस. मी लग्न केलं नाही म्हणून मला कलशाला हात लावता येत नाही, बाबा गेल्यापासून आईलाही नाही. तू आणि मोनाली येता तेव्हाच ती पूजा होते, हे मला कळतं. पण फराळ, आरास, मखर, सगळं इथलं आहे आणि ते माझ्या हातचं आहे.

मोनालीला आशीर्वाद. पुढच्या खेपेस तुझी लेखी पोच हवी.

तुझी,
ताई


११ मे

चि. ऋषी,

लेखी पोच आली नाही. व्हॉट्सॅपवर अंगठा आला. असो, अंगठेबहाद्दरांच्या घराण्यात दिवस काढायचे आहेत.

शाळेला सुट्टी लागली आहे आणि ऊन असं आहे की बाटलीतून ब्रश निघेपर्यंत त्याच्या टोकावर रंग वाळतो. म्हणून सकाळी आई उठायच्या आत बसते. आता मला यातलं बरंच कळायला लागलं आहे. आधी भांड्याच्या साबणाने धुवायचं, जुन्या दातांच्या ब्रशने. साच्याची शिवण असते दोन्ही अंगांनी, ती ब्लेडने खरवडायची. मग पांढरा अस्तराचा रंग. तो दिला की सगळे भुतासारखे दिसतात, आई म्हणते झाकून ठेव बाई. आईच्या औषधांच्या बाटल्यांची झाकणं मी जमवली आहेत. एकेक शिपाई झाकणावर चिकटवते, म्हणजे अंगाला हात न लावता फिरवता येतो. आधी कातडी, मग वर्दी, पट्टा, बूट, आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळे दिले की तो आपल्याकडे बघायला लागतो. मग त्याच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

टपालवाल्याला मिशी दिली आहे. बाबांसारखी.

आता तुझा पराक्रम ऐक. पालथ्याला तू लहानपणी रंगवलं होतंस, ते विसरला असशील. बहादरपूरला कौतिककाकांकडे पोळ्याला गेलो होतो. बैलांच्या शिंगांना लावायचा गुलाबी रंग डब्यात उरला होता आणि तू पालथ्याला त्यात बुचकळून काढलंस. तुला वाटलं शिंगांवर वाळतो तर याच्यावरही वाळेल. ऋषी, तो रंग अजून वाळलेला नाही. थंडीत बरा असतो, ऊन तापलं की पुन्हा चिकट होतो. ज्या वर्तमानपत्रात गुंडाळला होता त्याची अक्षरं त्याच्या पोटावर उमटली आहेत. आणि पाठीवर, अगदी मधोमध, तुझ्या अंगठ्याचा ठसा. लहान पोराचा अंगठा, रेषा न् रेषा दिसते. मी थिनरची बाटली हातात घेतली होती. परत ठेवली. त्याला तसाच राहू देणार आहे.

मोनालीचा परवा फोन आला होता. महालक्ष्म्यांच्या कोठ्यांची उंची विचारत होती, म्हणजे मुखवट्याच्या खालचा पत्र्याचा भाग किती इंच ते. कशाला गं, म्हटलं तर म्हणाली, साड्या घ्यायच्या आहेत, निऱ्यांचा अंदाज यायला. मी मोजून सांगितलं. साडी काही उंची बघून कमी-जास्त येत नाही, पण पुण्याची माणसं, त्यांचं शास्त्र वेगळं असेल.

आई हल्ली गप्प असते. गुडघा दुखतो म्हणते. काल चांदीची भांडी काढून घासत बसली होती, मे महिन्यात. मी म्हटलं, अजून अवकाश आहे. तर म्हणाली, हाताशी झालेलं बरं.

तुझी,
ताई


१४ ऑगस्ट

चि. ऋषी,

झालं. पलटण तयार आहे.

काल सगळ्यांना ओळीने जेवणाच्या टेबलावर उभं केलं आणि आईला बोलावलं. ती खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसली. लंगड्या सुभेदाराला उचलून तिने त्याची टोपी, पट्टा, बुटाच्या नाड्या, सगळं डोळ्यांशी नेऊन पाहिलं. मला वाटलं होतं बाबांची मिशी ओळखेल आणि हसेल. ती म्हणाली, "फार चांगलं केलंस हो. तुझा वेळ चांगला गेला ना?"

मी म्हटलं, गेला की. तशी तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं बाबांसाठी.

तू पोळ्यानंतर गाडी घेऊन येतोस आणि आईला गुडघा दाखवायला पुण्याला नेतोस, हे तिनेच सांगितलं. ठीक आहे. आठवड्याभरात दाखवून होईल ना? आवाहनाच्या आदल्या दिवशी तरी सगळे इथं पोचा. मखराला मी यंदा केळीचे खांब सांगून ठेवले आहेत, कौतिककाका स्वतः पाठवणार आहेत. एक शेवटचा वॉर्निशचा हात राहिला आहे, तो देऊन ठेवते. आपल्या गच्चीत माकडं येतात म्हणून शेजारी गोदाबाईंच्या गच्चीवर पत्र्याखाली वाळवीन.

येताना माझ्यासाठी काही आणू नकोस. पलटण बघून तुझं तोंड कसं होतं तेवढं मला बघायचं आहे.

तुझी,
ताई


२४ ऑगस्ट

ऋषिकेश,

आई नीट पोचली का? गाडीत तिचा पाय लांब करता आला का? तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या फ्रिजच्या वरच राहिल्या आहेत. तिथे घेऊन दे.

मी काल शाळेतून येताना इतवाऱ्याच्या बाजारात उतरले होते. तू येणार म्हणून मावा जिलेबी घेतली, गरम होती, रिक्षात मांडीवर धरून आणली. घराला बाहेरून कुलूप. गोदाबाई त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या. किल्ली त्यांनीच दिली.

म्हणाल्या, "पोरी, मी म्हणलं त्याले, ताई शाळेतून येईस्तोवर थांब. तर म्हणे, उशीर होतो, घाटात अंधार पडतो. तुह्या आईले बसवलं, मग देव बी ठेवले डिक्कीत."

मी विचारलं, कोणते देव.

त्या ओट्यावरून उठल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुले माहीत नव्हतं का माय?"

मी आत जाऊन माळ्यावर चढले. मुखवट्यांची लाल फडक्यातली लाकडी पेटी नव्हती. कोठ्या नव्हत्या. महालक्ष्म्यांची दोन्ही बाळं नव्हती. चांदीची भांडी नव्हती, ती मे महिन्यातच घासून हाताशी केलेली. पेटी जिथे असायची तिथे धूळ नव्हती, एवढीच खूण. खाली उतरताना मला ते इंच आठवले. मी स्वतः टेप लावून सांगितले होते रे मोनालीला.

संध्याकाळी रितेशला फोन केला. मामाचा पोर, त्याला काय माहीत असणार म्हणून. तर तो म्हणाला, अगं ते तर दिवाळीतच ठरलं होतं ना, पुण्याला न्यायचं, कौतिककाकांशीही बोलणं झालं होतं. म्हणजे मामाकडे माहीत होतं. बहादरपूरला माहीत होतं. कौतिककाकांनी केळीच्या खांबांना हो म्हटलं ते माझं मन मोडायला नको म्हणून. सगळ्या गोतावळ्यात एकटीच मी मखराची मापं काढत होते.

जिलेबी गोदाबाईंना दिली. तुझी तब्येत ठीक असेल.

मृणाल


१ सप्टेंबर

ऋषिकेश,

तुझा मेसेज मिळाला. तू लिहितोस, ताई, रागावलीस का. दरवर्षी रजा मिळत नाही, हायवेवर मोनालीला भीती वाटते, आणि शेवटी घराण्याची महालक्ष्मी मुलाकडेच जाते. यातलं एकही खोटं नाही. तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हेही खोटं नाही. भांडले असते, चार दिवस बोलले नसते. मग मीच मुखवटे मऊ फडक्यात गुंडाळून तुझ्या डिक्कीत ठेवले असते आणि कोणता कुणाचा ते मोनालीला समजावून सांगितलं असतं. ज्येष्ठेच्या डाव्या कानाला टवका आहे, तो भिंतीकडे करायचा असतो. तुमच्या फोटोत तो समोर दिसतो आहे.

फोटो मी मोठा करून पाहिला. छान आहे मखर, दिवे सारखे रंग बदलत असतील. आई कोपऱ्यात बसली आहे नव्या साडीत. कॅमेऱ्याकडे बघत नाही. आणि देवीच्या पुढ्यात एक पाट ठेवला आहे, हिरवं कापड घातलेला, त्यावर काहीच नाही. मला आधी कळेना की हा रिकामा पाट कशाला. मग तुझा दुसरा मेसेज वाचला. 'ताई, सैनिक कुरिअर करशील का? जागा ठेवली आहे. उद्या नाही पोचले तरी पुढच्या वर्षी होतील.'

आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून तिसरा. हा तू बहुतेक चांगल्या मनाने लिहिला असशील. 'तुला वाईट वाटू नये म्हणूनच तर ते काम दिलं होतं. आईच म्हणाली होती, तिला कशात तरी गुंतवून ठेव, म्हणजे तिला जाणवणार नाही.'

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

दिवाळीपासून मी काय करत होते, ऋषी? मला वाटत होतं, मी बाबांची पलटण उभी करते आहे. आणि तुम्ही रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात तसा माझ्या हातात ब्रश दिला होता. पाऊस लागल्यापासून आई रोज समोर बसून तांदूळ निवडायची आणि मी तिला विचारायची, बघ गं, या कॉलरला काळा बरा की तपकिरी. ती सांगायची, तपकिरी. तिने मला तपकिरी सांगितलं आणि तेवढं एक सांगितलं नाही. तुझा राग येतो तो माझ्यानं सोसवतो. भाऊ असा वागतो, जगात वागतात. पण तिच्या त्या 'तपकिरी'चं मी काय करू?

काल तिचा फोन होता. जेवलीस का, विचारलं. हो म्हटलं. गुडघा बरा आहे म्हणाली. मग म्हणाली, "पलटण पाठवलीस का गं? जागा बरी नाही दिसत रिकामी."

मी फोन ठेवला. आईचा फोन मी आजवर असा कधी ठेवला नव्हता.

मृणाल


९ सप्टेंबर

ऋषिकेश,

हे शेवटचं. पुढं काही कळवायचं असेल तर गोदाबाईंच्या नंबरवर कळव, तुझा मी बंद केला आहे.

महालक्ष्म्या उठल्या असतील. इथं त्या तीन दिवसांत मी काय केलं ते विचारू नकोस. शाळेत गेले, भूगोल शिकवला. घरी येऊन पलटण डब्यात भरली. एकदा तर थिनरचा टब भरून घेतला होता, सगळ्यांचे रंग उतरवून नागडे हिरवे करून तुला पाठवायचे म्हणून. दुर्बीणवाल्याला हातात घेतलं. त्याने डोळे माझ्यावरच लावले होते. नाही जमलं. त्याचा काय दोष, त्याला तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं. माझ्यासारखाच.

परवा पौर्णिमेला गोदाबाई आल्या. पदराखाली भुलाबाई. गल्लीतल्या पोरींनी इतवाऱ्यातून मूर्ती आणली होती, नेहमी त्यांच्याकडे बसते, पण यंदा त्यांच्या ओट्यावर सिमेंटच्या गोण्या रचल्या आहेत. म्हणाल्या, "तुह्या घरी बसवू का? जागा पडली आहे ना रिकामी."

मी म्हटलं, मला चालतं का? मी अशी, लग्नाशिवायची.

तर त्या हसल्या. "ही तं लेकींची देवी आहे माय. माहेराले येते. हिले ना भाऊ विचारा लागत ना भावजय."

मी लहानपणी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत फिरले आहे, पण हा विचार कधी डोक्यात आला नव्हता. जी सासरी जाते तिला माहेर असतं. मी गेलेच नाही, तर मला वाटायचं हे सगळंच माझं घर. आता कळलं की मी इतकी वर्षं पाहुणी होते आणि मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. भुलाबाईला निदान माहीत असतं की ती महिन्याभराने जाणार आहे.

तर महालक्ष्म्यांच्या जागी भुलाबाई बसली आहे. कौतिककाकांनी केळीचे खांब पाठवले, उशिरा, न बोलता, ट्रॅक्टरवरून. ते लावले. आणि तिच्यापुढे मी पलटण मांडली. सगळी. टपालवाला, दुर्बीणवाला, लंगडा सुभेदार. आधी हात सवयीने त्यांची तोंडं देवीकडेच करत होता. अर्धी रांग मांडून झाली आणि मी थांबले. मग एकेकाला उचलून फिरवलं. आता सगळ्यांची पाठ देवीकडे आहे आणि बंदुका दाराकडे.

गोदाबाई म्हणाल्या, "देवीले पाठ?"

मी म्हटलं, पहारा असाच असतो. आईने इतकी वर्षं उलटा लावला होता.

संध्याकाळी पोरी येतात, गाणी म्हणतात, डबा वाजवून खाऊ ओळखतात. कुणी टपालवाल्याच्या मिशीवर बोट ठेवून विचारतं, हे कोण. मी सांगते, हे माझे वडील. पोरींना त्यात काही वावगं वाटत नाही.

पलटण मी पाठवणार नाही. ती जत्रेतून बाबांनी आणली होती, दोघांसाठी. तुझ्यासाठी आणली असं आई आता म्हणत असेल, म्हणू दे. त्यांना डोळे मी दिले. ज्याला तुम्ही वेळ घालवणं म्हणता ते माझं आहे, आणि तेच आता माझ्यापाशी राहील. आईला सांग, तिच्या गोळ्या मी पाठवल्या आहेत, वेगळ्या पाकिटात. तिला यायचं असेल तर तिने यावं. ती आईच आहे, दार उघडंच असतं. तू येणार असशील तर आधी कळवून ये. समोर कोण उभं आहे ते तुला माहीत असावं.

एक मात्र तुझा आहे, तो पाठवते. पालथा. त्याला मी ब्रशही लावलेला नाही, पाठीवर तुझा अंगठा आहे, म्हणजे तो निर्विवाद तुझा. तुझ्या त्या हिरव्या पाटावर ठेव. बंदूक कुणीकडे करायची ते तुझं तू ठरव.

दुसरा कागद नव्हता म्हणून त्याला याच पत्रात गुंडाळते आहे. पाऊस उघडला आहे, ऊन तापलं आहे, पुण्याला पोचेपर्यंत तो चिकटलेला असेल. ही शेवटची ओळ तुला बहुतेक त्याच्या पोटावरच वाचावी लागेल, उलटी. जोर लावून ओढू नकोस. तो काही सुटायचा नाही, आणि पत्र फाटेल.

मृणाल